एका रेघेचा डोळा

नागपूरहून वर्ध्याकडे निघालं की सेलू तालुक्यात केळझर लागतं. टेकडीवरचा गणपती विदर्भाच्या अष्टविनायकांत मोजतात, आणि गावकरी सांगतात की हीच महाभारतातली एकचक्रानगरी. बकासुराला रोज एका घराने गाडाभर अन्न आणि एक माणूस पोचवायचा, अशी पाळी इथेच लागली होती म्हणे. एकदम सगळं गाव नाही, रोज एकच घर. ही पाळीची गोष्ट लक्षात असू द्या, पुढे कामाला येईल.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वावरात पऱ्हाटी उभी असते. दिवाळीच्या आगेमागे वेचणी सुरू झाली की कापूस ओटीतून चुंगडीत, चुंगडीतून घरात, घरातून बंडीत किंवा टेम्पोत, तिथून जिनिंगला जातो. या प्रवासात त्याच्याबरोबर आणखी बरंच काही जातं. डोक्याचे केस, कोंबडीचं पीस, बिडीचं थोटूक, खर्र्याची पन्नी, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे त्या चुंगडीचाच, म्हणजे खताच्या रिकाम्या प्लास्टिक पोत्याचा, सुटलेला धागा. युरियाच्या पोत्याचा असा वीतभर धागा जिनिंगमध्ये तुटतो, सूतगिरणीच्या ब्लोरूममध्ये, म्हणजे कापूस मोकळा करून साफ करतात तिथे, त्याचे आणखी तुकडे होतात, आणि मग तो सुतात बेमालूम मिसळतो. कोरं कापड पांढरं, धागाही पांढरा, म्हणून कुणाला दिसत नाही. कापड रंगवलं की मात्र उघडा पडतो, कारण कापसाचा रंग प्लास्टिकला लागत नाही. गडद निळ्या शर्टाच्या छातीवर पांढरी काडी उमटते.

ही तक्रार आजची नाही. हिंगणघाटचा कापूस एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या बाजारात नावाने ओळखला जाई, आणि त्याच काळात हिंदुस्थानी गाठींत सरकी, माती, दगड निघतात म्हणून ओरडही होती. मुंबई सरकारने १८६३ साली कापसातल्या लबाडीविरुद्ध खास कायदाच केला होता. तपासणारा डोळा तेव्हा माणसाचा होता, आणि कापडाच्या बाबतीत तो अजूनही पुष्कळ ठिकाणी माणसाचाच आहे. तिरप्या काचेच्या टेबलावरून कापड खाली सरकतं, मागे दिवे लागलेले असतात, आणि समोरचा माणूस दोष दिसला की चिठ्ठी लावतो. तीन इंचांपर्यंतच्या दोषाला एक गुण, सहापर्यंत दोन, नऊपर्यंत तीन, त्यापुढे चार. शंभर चौरस वारांत चाळीसच्या वर गुण गेले की ताका सहसा नापास. पद्धत चांगली आहे, पण सकाळी बसलेला माणूस दुपारच्या जेवणानंतर तेवढाच तिखट राहत नाही. म्हणून गिरण्यांनी कॅमेरे बसवायला घेतले. ते ज्या जातीचे असतात ती आपल्या ओळखीच्या कॅमेऱ्याहून वेगळी. त्यांना लाइन-स्कॅन कॅमेरे म्हणतात.

आपल्या मोबाइलच्या कॅमेऱ्यात प्रकाश टिपणाऱ्या बारीक घरांची, म्हणजे पिक्सेलांची, शेतासारखी उभी-आडवी मांडणी असते. लाइन-स्कॅनमध्ये अशी एकच ओळ. दोन हजार, चार हजार, आठ हजार घरं एका रांगेत, बस. त्याला एका वेळी कापडाची फक्त एक केसाएवढी आडवी पट्टी दिसते. पट्टी टिपली की पुढची, मग पुढची, बकासुराच्या पाळीसारखी. हजारो पट्ट्या एकाखाली एक रचल्या की चित्र तयार होतं.

हे चमत्कारिक वाटेल, पण आपण सगळ्यांनी त्याचं काम पाहिलेलं आहे. १९८४ साली लॉस एंजेलिसला पी. टी. उषाचं कांस्यपदक सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकलं, ५५.४१ विरुद्ध ५५.४२. तो निकाल ज्या फोटो-फिनिशवरून लागला, ते चित्र अंतिम रेषेवर रोखलेल्या एका फटीतून घेतलेलं होतं. फटीमागे तेव्हा फिल्म सरकत राहायची. त्या चित्रात डावीकडून उजवीकडे अंतर नसतं, वेळ असते, आणि चित्रातला प्रत्येक बिंदू त्या एकाच रेषेवरचा असतो. म्हणून एखाद्या धावपटूचा पाय रेषेवर क्षणभर टेकलेला राहिला तर तो चित्रात लांबलचक होडीसारखा दिसतो. झेरॉक्सच्या दुकानातल्या स्कॅनरमध्ये उजेडाची दांडी सरकते, तीही याच घराण्यातली. आणि १७ मार्च १९८८ ला सोडलेल्या आयआरएस-१ए या आपल्या उपग्रहावरचा ‘लिस’ कॅमेरासुद्धा. त्यात २,०४८ पिक्सेलांची एकेक ओळ होती, जमिनीवर तिचा एक पिक्सेल ७२.५ मीटरचा. नऊशे किलोमीटर उंचीवरून उपग्रह पुढे जाई आणि खालचा देश ओळीओळीने उमटत जाई. कॅमेऱ्यात काही हलत नव्हतं, हलत होता तो उपग्रह.

इथे या कॅमेऱ्याची खरी गोम आहे. चित्राची रुंदी कॅमेरा देतो, लांबी मात्र माल देतो. वर्धा-सेवाग्रामच्या बाजूला ज्यांनी हातमाग पाहिला असेल त्यांना हे लगेच उमगेल. ताणा मागावर आधीच ओढून ठेवलेला असतो, त्यात बाणा एकेक करून भरला जातो. पिक्सेलांची ओळ म्हणजे ताणा, आणि टिपलेली प्रत्येक रेघ म्हणजे धोट्याची एक फेरी. फणीचा ठोका एकसारखा पडला नाही तर कापड कुठे दाट, कुठे विरळ होतं. या कॅमेऱ्याचं चित्रही तसंच होतं. त्यामुळे महागडा कॅमेरा विकत आणला म्हणजे काम झालं असं समजणाऱ्याचा पुढे हिरमोड होतो. अर्धा कॅमेरा यंत्राच्या रुळांत, पट्ट्यात आणि चाकात असतो, तो कुठल्याच खोक्यातून येत नाही.

आता एक मांडणी करून पाहू. कापड १,६०० मिलिमीटर रुंद, वेग मिनिटाला ६० मीटर. कॅमेरा ८,१९२ पिक्सेलांचा. दोन्ही कडांना थोडी जागा सोडून पाहण्याची रुंदी १,६४० मिमी धरली, तर एका पिक्सेलच्या वाट्याला ०.२ मिमी येतो. वीस नंबरच्या सुताची जाडी जवळपास तेवढीच. दोष नक्की पकडायचा तर तो किमान दोन-तीन पिक्सेलांवर पसरलेला हवा, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचा डाग या मांडणीत सुटू नये. रुंदीत ०.२ मिमी, तर लांबीतही दर ०.२ मिमीला एक रेघ हवी. कापड सेकंदाला एक हजार मिलिमीटर सरकतं. म्हणजे सेकंदाला पाच हजार रेघा, आणि एका रेघेला वेळ सेकंदाचा पाच हजारावा भाग.

इथेच एक खाच आहे. इंचाला साठ तार असलेल्या कापडात दोन तारांमधलं अंतर सुमारे ०.४२ मिमी असतं, म्हणजे एका तारेला जेमतेम दोन पिक्सेल. अशा वेळी कापडावर नसलेल्या लहरी चित्रात उमटतात, दोन जाळीदार पडदे एकमेकांवर धरल्यावर दिसतात तशा, आणि संगणक त्यांनाच दोष समजतो. मग एक तर आणखी बारीक पाहायचं, किंवा तार वेगळी दिसणारच नाही इतकं मुद्दाम भरड. मधली वाट इथे सगळ्यांत वाईट.

रेघ कधी टिपायची हे कॅमेऱ्याला घड्याळाने सांगून चालत नाही, कारण यंत्र कधी हळू चालतं, कधी थांबतं. ते सांगतं एक चाक. कापडाला टेकून फिरणारं रबरी धावेचं छोटं चाक, आणि त्याच्या आसावर बसवलेला एन्कोडर. चाक फिरेल तसा तो विजेचे ठोके देतो. चाकाचा घेर २०० मिमी आणि फेरीला हजार ठोके असं जमवलं की दर ठोक्याला कापड बरोबर ०.२ मिमी पुढे गेलेलं असतं. एक ठोका, एक रेघ. एकचक्रेच्या मुलखात हे सांगताना मला हसू आवरत नाही, पण खरोखर सगळा डोलारा त्या एका चाकावर असतो.

आणि चाक दगा देतं. ते कापडावरून घसरलं तर कापड सरकतं पण रेघ पडत नाही, चित्र आखडतं. गिरणीत हवेत तरंगणारी रुई चाकावर बसत जाते. अर्ध्या मिलिमीटरचा थर चढला तरी घेर तीन मिलिमीटरांहून अधिक वाढतो, म्हणजे दीड टक्क्याच्या वर. चित्र बघून हे कळणार नाही, पण शंभर मीटरच्या ताक्यात शेवटच्या दोषाची जागा दीड मीटर चुकलेली असते, आणि कात्री घेऊन उभा असलेला माणूस कॅमेऱ्याला शिव्या घालतो. यंत्र थांबताना कापड किंचित मागे येतं तोही घोटाळाच: साधा एन्कोडर मागे फिरलेलं चाकही पुढेच गेल्यासारखं मोजतो. त्यासाठी एकमेकांच्या जरा मागेपुढे चालणाऱ्या ठोक्यांच्या दोन जोडमाळा देणारा एन्कोडर घ्यावा, त्याला दिशा कळते.

सगळं जुळलं की नाही हे पाहायला माझ्या मते दहा रुपयांच्या नाण्यासारखं साधन नाही. नाणं २७ मिमीचं. चिकटपट्टीने कापडावर चिकटवा आणि कॅमेऱ्याखालून जाऊ द्या. चित्रात ते १३५ पिक्सेल रुंद आणि १३५ रेघा उंच, चोख गोल दिसलं पाहिजे. उंची १५० रेघा आली तर रेघा दाट पडताहेत, दर ०.१८ मिमीला एक. नाणं उभट असेल तर दोष चाकाच्या हिशेबात. ते एका बाजूला कललेल्या अंड्यासारखं दिसलं, तर मात्र कॅमेऱ्याची ओळ कापडाच्या चालीला काटकोनात नाही. एका अंशाचा तिरकसपणा दिसायला क्षुल्लक, पण सोळाशे मिलिमीटर रुंदीत तो दुसऱ्या कडेला २८ मिमी होतो, जवळपास त्या नाण्याएवढा.

भिंगाबद्दल थोडक्यात. एक पिक्सेल सात मायक्रॉनचा धरला तर ही ओळ ५७ मिमी लांब होते. जुन्या ३५ मिमी फिल्मच्या कॅमेऱ्याचं भिंग जेमतेम ४३ मिमीचं वर्तुळ उजळतं, म्हणून ते इथे बसवलं तर दोन्ही टोकं अंधारात जातात. मोठ्या ओळीसाठी केलेलंच भिंग लागतं. ८० मिमीचं घेतलं तर कॅमेरा कापडापासून सुमारे २.४ मीटर दूर जाईल, ६० मिमीचं घेतलं तर १.८ मीटर. गिरणीच्या छताखाली एवढी जागा आहे का, हा प्रश्न कागदावर सुटलेला बरा. खांब उभा केल्यावर वर पंख्याचा पाइप आडवा आला की फार वेळ जातो.

भिंग जमलं तरी उजेडाचं कोडं राहतंच, आणि तेच सगळ्यांत जास्त घाम काढतं. साध्या कॅमेऱ्याला घरात फोटो काढायला सेकंदाचा तिसावा भाग मिळतो. इथे मिळतो पाच हजारावा, तोही पुरता नाही. कापडाऐवजी पोलादाची पट्टी सेकंदाला दहा मीटर धावत असेल तर त्याच बारकाईला सेकंदाला पन्नास हजार रेघा लागतात. तेव्हा उजेड प्रचंड हवा. सुदैव इतकंच की तो सगळ्या कापडावर पसरायचा नसतो, एका रेघेपुरता हवा. म्हणून एलईडींची लांब पट्टी आणि पुढे दंडगोल भिंग लावून सगळा उजेड बोटभर रुंदीत गोळा करतात. या कॅमेऱ्याचा हा मोठा फायदा आहे. सोळाशे मिमी लांब-रुंद चौकोन एकसारखा उजळणं महाकठीण, रेघ उजळणं त्यामानाने सोपं. शिवाय अखंड मालाचे चौकोनी तुकडे पाडून ते जोडत बसण्याची कटकट उरत नाही.

उजेड कुठून पाडायचा हे दोषावर ठरतं. मागून टाकला तर भोक, तुटलेली तार, विरळ पट्टा दिसतो. समोरून टाकला तर तेलाचा डाग दिसतो. गाठ किंवा उसवलेली दोरी पाहायची तर उजेड जवळजवळ कापडाला घासून, आडवा हवा. गवंडी गिलाव्याचे उंचवटे बघायला भिंतीला लगटून बल्ब धरतो, त्याचंच हे भावंड. एकाच दिव्यात सगळे दोष दाखवण्याचा हट्ट धरू नये.

आता उजेडाचा पोट धरून हसायला लावणारा घोटाळा. कापडाचं चित्र छान येतं, पण त्यावर दर सेंटिमीटरला एक फिकट, एक गडद असे आडवे पट्टे. विणकर म्हणतो माग बरोबर आहे, आणि तो बरोबरच म्हणत असतो. आपली घरगुती वीज सेकंदाला ५० वेळा आवर्तन घेते, तिच्यावरचा साधा दिवा सेकंदाला १०० वेळा उजळतो-मंदावतो. डोळ्याला ते जाणवत नाही. पण सेकंदाला पाच हजार रेघा टिपणाऱ्याला दर पन्नास रेघांनी तो चढउतार दिसतो, आणि पन्नास रेघा म्हणजे बरोबर १० मिमी. दोष कापडाचा की दिव्याचा हे ओळखायची एक सोपी युक्ती आहे. वेग निम्मा करा. पट्ट्यांमधलं अंतर निम्मं, ५ मिमी झालं तर चोर दिवा. अंतर तेवढंच राहिलं तर चोर मागात किंवा रुळात, कारण कापडावर बसलेला दोष यंत्र हळू चाललं म्हणून जागा बदलत नाही. रुळाचा घेर मोजा, तेवढ्याच अंतराने पट्टा येत असेल तर रूळ वाकडा आहे. एलईडी मंद करताना काही पुरवठे त्या झपाट्याने चालू-बंद करतात, त्यातूनही असेच पट्टे येतात. म्हणून स्थिर प्रवाह देणारा पुरवठाच घ्यावा.

उजेडाशी जोडलेली आणखी एक चूक सर्रास होते. एक रेघ संपून दुसरी सुरू होईपर्यंत कॅमेऱ्याला उजेड गोळा करू दिला, तर यंत्र हळू झालं की प्रत्येक रेघ अधिक वेळ तापते आणि चित्र पांढरंफटक पडतं. रेघ चाकाच्या ठोक्यावर सुरू व्हावी, पण उजेड घेण्याचा वेळ ठरावीक असावा, सर्वांत जास्त वेगातही पुरेल इतका छोटा.

फोकस लावताना नवख्या माणसाची त्रेधा उडते. कापड थांबलेलं असताना पडद्यावर दिसतं काय, तर नुसत्या उभ्या रेघा, कारण तीच पट्टी पुन्हा पुन्हा टिपली जाते. कापडाचा मागमूस नाही. अशा वेळी चित्र बघू नये, ओळीतल्या उजेडाचा आलेख बघावा. काळ्या-पांढऱ्या बारीक रेघांचा कागद ठेवून भिंग फिरवायचं. आलेखाचे दात जितके उंच आणि टोकदार, तितका फोकस नेमका. हा कागद कापड रुळाला घट्ट लपेटून जातं तिथेच ठेवावा, आणि कॅमेराही तिथेच रोखावा. दोन रुळांमध्ये लोंबणारं कापड फडफडतं, आणि मग त्याच्याबरोबर फोकसही.

यानंतर ओळ समतल करणं. पिक्सेल सगळे सारखे जन्मत नाहीत, भिंग कडेला मंद पडतं, दिवाही सगळीकडे सारखा नसतो. म्हणून आधी भिंगावर टोपण घालून काळोखाची नोंद घेतात, मग पांढऱ्या पट्टीची, आणि प्रत्येक पिक्सेलला त्याच्या कुवतीनुसार गुणक देतात. ही पांढरी पट्टी स्थिर ठेवू नये. तिच्यावर माशीची एक विष्ठा असली तरी तिथल्या पिक्सेलला जन्मभर जादा गुणक चिकटतो आणि पुढच्या प्रत्येक ताक्यावर एक उजळ उभी रेघ येते. पट्टी हातात धरून नोंद चालू असताना हलकेच पुढेमागे सरकवत राहावी, म्हणजे डाग विरघळून जातात. धुळीचंही तसंच. साध्या कॅमेऱ्यात भिंगामागे कण बसला तर चित्रात एक ठिपका येतो. इथे त्या कणाची अखंड रेघ होते, शंभर मीटर ताक्याला शंभर मीटर लांब. एका दृष्टीने ते बरं, कारण खऱ्या कापडात इतका सरळ दोष क्वचितच असतो, आणि पुसायचं कुठे ते लगेच कळतं.

कापडाच्या अलीकडे, सूतगिरणीच्या ब्लोरूममध्येही असेच कॅमेरे बसतात. तिथे काम अधिक अवघड. कापसाचे झुबके हवेच्या झोताने नळीतून उडत येतात, नळीच्या भिंतीत काचेची खिडकी, खिडकीबाहेर कॅमेरा. तिथे टेकवायला चाक नाही, कारण हवेतल्या झुबक्याला चाक कुठे लावणार? वेग अंदाजाने धरावा लागतो. समजा तो सेकंदाला दहा मीटर आहे आणि खिडकीपासून अर्धा मीटर पुढे दाबाच्या हवेच्या नळ्यांची रांग आहे. तर संगणकाला निळी पन्नी ओळखून, ती कुठल्या नळीसमोरून जाईल हे ठरवून, नळी उघडायला सगळे मिळून सेकंदाचा विसावा भाग मिळतो. झुबका जरा हळू आला तर हवेचा फटका त्याच्या पुढून निघून जातो. म्हणून नळी थोडी आधी उघडतात, थोडी उशिरा मिटतात, आणि पन्नीबरोबर मूठभर चांगला कापूसही बाहेर फेकला जातो.

रंगीत पन्नी, काळा केस, तपकिरी तागाचा धागा हे कॅमेरा सहज पकडतो. युरियाच्या पोत्याचा पांढरा धागा त्याला साध्या उजेडात दिसत नाही, आपल्यालाही दिसला नव्हताच. त्यासाठी वेगळे दिवे लावतात. एक अतिनील, ज्यात काही परके धागे चमकून उठतात. दुसरा ध्रुवित, ज्यात गुळगुळीत, अर्धपारदर्शक प्लास्टिक कापसाहून निराळं उजळतं. प्रत्येक दिव्याचा डोळा वेगळा, त्याची ओळ वेगळी, मांडणीही वेगळी. तरीही काही धागे सुटतात.

फेकलेला माल एका जाळीच्या पेटीत पडतो. पाळी संपली की कामगार ती उघडतो. वर निळे-लाल तुकडे असतात, ते लगेच नजरेत भरतात. पीस असतं, सुतळी असते, कधी बांगडीचा तुकडा. मग तो कापसाचे पुंजके एकेक करून हातात घेतो आणि बोटांनी विंचरतो, कारण पांढरा धागा त्याच्या डोळ्यांना नाही, बोटांनाच लागतो.